पोवळ्याच्या खडकातला न्हावी

१० फेब्रुवारी १९४६, वडूज

आज थोरल्या भावाला, नाथाजीदादाला सांगून टाकलं. हत्यारांची धोकटी काखोटीला मारून मी गावात दारोदार फिरणार नाही. वडुजात मोटार थांबते तिथं खोली घेतली आहे. खुर्ची मांडणार, आरसा लावणार आणि ‘हेअर कटिंग सलून’ काढणार.

दादा वस्तऱ्याला धार लावत होता. त्याचा हात थांबला.

“म्हंजे तू बसून ऱ्हानार आन् लोकं चालत येनार?”

“व्हय.”

“आजवर आपल्यात आसं कुनी केलंय?”

आपल्यात नाही, पण असं करणारा एक जण मी पाहिला आहे, हे अगदी ओठावर आलं होतं. पण समुद्रातल्या झिंग्याची गोष्ट काढली असती तर दादानं मला वेड्यात काढलं असतं. फौज सुटली तरी ही वही लिहायची खोड सुटली नाही, ती अशा वेळी उपयोगी पडते. वही निदान हसत तरी नाही.

१२ फेब्रुवारी

परवा अर्धवट राहिलं ते लिहितो.

तांबड्या समुद्राच्या काठाला मसावा नावाचं बंदर आहे. इटलीवाल्यांनी हरताना आपलीच जहाजं तिथं बुडवून ठेवली होती. तिथल्या फौजी दवाखान्यात मी न्हावी होतो. ऑपरेशनच्या आधी माणूस भादरून तयार ठेवायचा, एरवी सगळ्यांच्या दाढ्या करायच्या. शीख सोडले तर माझ्या वस्तऱ्याखालून कोण गेलं नाही? पठाण, मद्राशी, बंगाली बाबू, दोन कर्नल आणि एक पाद्री.

कुंडलचा कोंडीबा तिथं स्ट्रेचर उचलायचा. संध्याकाळी सुट्टी झाली की आम्ही दोघं कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभे राहायचो. त्या उकाड्यात दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. पोवळं म्हणजे बायकांच्या गळ्यातला मणी, एवढंच मला ठाऊक. तिथं पोवळ्याचे खडकच्या खडक, आणि त्यांत देवानं रंगपंचमी केलेली. कोंडीबानं रॉकेलच्या डब्याचा तळ कापून तिथं काच बसवली होती. डबा पाण्यावर टेकवला की खालचं सगळं स्वच्छ दिसायचं.

त्या खडकाच्या एका कपारीत तो राहायचा. बोटाएवढा झिंगा. अंग पिवळसर, पाठ लालभडक, आणि पाठीवर मधोमध पांढरा पट्टा, नुकता भांग पाडावा तसा. मिशा पांढऱ्याशुभ्र, अंगापेक्षा लांब. कपारीच्या छताला उलटा लटकून तो मिशा हलवत राहायचा. कुणाच्या दारात जायचा नाही, मासेच त्याच्याकडे यायचे. पाळी धरून थांबायचे. पाळी आली की मासा जागच्या जागी स्तब्ध, तोंड उघडं, गालफडं उघडी. मग हा अंगावर चढून कातडीला चिकटलेले किडे वेचायचा, जखमेवरचं मेलेलं मांस काढायचा आणि सरळ तोंडात शिरून दात साफ करायचा. वामेसारखा एक लांबडा मासा यायचा, त्याचे दात बघून मी पाय मागं घ्यायचो. तोसुद्धा आ करून गुमान उभा. गिळायचा नाही. पुरे झालं की तोंड जरासं मिटल्यासारखं करायचा, अंगाला एक झटका द्यायचा, आणि झिंगा बाहेर.

“किस्ना, ह्यो तुज्या भावकीतला हाय गड्या,” कोंडीबा म्हणाला होता. “हत्यार तेवढं न्हाई.”

तेव्हापासून आम्ही त्याला न्हावीच म्हणायला लागलो. दुकान काढायचं माझ्या मनात तिथंच आलं. आणि दुकानातली पहिली दाढी कोंडीबाची, असा शब्द मी त्याला त्याच पाण्यात उभं राहून दिला.

किती सुखाचे दिवस होते ते. लढाई चालू होती, दवाखान्यात माणसं मरत होती, आणि तरीही असं लिहितो आहे. पण खोटं कशाला लिहू.

४ मार्च

सांगलीला जाऊन आलो. रहिमतपूरपर्यंत मोटार, पुढं रेल्वे. खुर्ची मनासारखी मिळाली, मान मागं टेकते. आरसा घेतला. एक नवाकोरा विलायती वस्तराही घेतला. जुने आहेत, पण दुकानदारानं पातं उघडून दाखवलं आणि मी भुललो.

पाटी रंगवायला भूपाल पेंटरकडे दिली. भूपाल धर्मानं जैन, कपाळाला गंध, हातात कुंचला. पाटीवर झिंगा काढायचा म्हणताच त्यानं कुंचला खाली ठेवला.

“मच्छीच्या खानावळीची पाटी मी करत न्हाई.”

“आवं, खायाचा न्हाई ह्यो. दुसऱ्याला साफ करतो. मासं त्याच्याकडं येत्यात, त्यो त्यांची सेवा करतो.”

“कुनाला मारत न्हाई?”

माशांच्या अंगावरचे किडे खातो, ही गोष्ट मी गिळून टाकली. “लय गरीब जीव,” म्हणालो.

भूपाल खूश झाला. मग दीड तास आमचं जुंपलं. मिशा किती लांब, पट्टा किती रुंद, लाल म्हणजे कुंकवासारखा की मिरचीसारखा. सांगता सांगता डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं आणि मी उठून दारात जाऊन उभा राहिलो. भूपालला वाटलं मला रंग आवडला नाही. त्यानं बिचाऱ्यानं लाल पुसून पुन्हा भरला.

१५ मार्च

पाटी आली. सांगितलं होतं तसं काही झालेलं नाही. पुढच्या पायांना भूपालनं खेकड्यासारखे आकडे काढले आहेत आणि शेपूट वर वळवलं आहे, मिशा तर अगदीच आखूड. तरी पट्टा पांढरा आहे आणि रंग झकास आहे. खोलीच्या दारावर ठोकली.

दुपारी रंगुबाई म्हणून एक म्हातारी नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली. त्याच्या पायाला विंचू चावला होता. पाटीवर विंचूच काढलाय असं समजून तिला वाटलं, इथं उतारा मिळतो. मी कितीदा सांगितलं तरी ऐकेना. शेवटी नवऱ्याचे केस कापून देतो म्हणालो, तर म्हातारा कळवळत म्हणाला, “आदी पायाचं बगा.”

आप्पासो सुभेदार मोटारीची वाट बघत उभे होते, त्यांना हसू आवरेना. मोठा माणूस, पहिल्या लढाईतले बिल्ले अजून कोटाला लावतात. “किस्ना, दुकान उघडलंस की मी येतो. फौजी न्हाव्याचा हात बगू,” म्हणाले. आप्पासो आले की वडूज आलं.

२२ मार्च

मोटारीच्या ड्रायव्हरनं निरोप आणला. कुंडलचा कोंडीबा त्याला स्टेशनवर भेटला होता. म्हणाला, दुकान उघडायचा दिवस कळव, पहिली दाढी माझी ठरली आहे, विसरला नाहीस ना?

मी कसा विसरेन? ऐकूनच इतका आनंद झाला की ड्रायव्हरची दाढी फुकट करायला निघालो होतो. मग पहिली दाढी कोंडीबाची हे आठवलं आणि त्याला गुळाचा चहा पाजून वाटेला लावलं.

संध्याकाळी हे दादासमोर बोललो. चूक झाली.

“ह्यो कोंडीबा कोन?”

“फौजेतला दोस्त.”

“ते झालं. जात कंची?”

“महार.”

दादानं माझ्या बायकोकडे, चंद्राबाईकडे बघितलं. ती भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही.

“फौजेत तू काय केलंस ते मी इचारलं न्हाई,” दादा म्हणाला. “सरकारी वस्तरा हुता, सरकारी साबन हुता. पर हितं आपल्यातला कुनी महाराची दाढी करत न्हाई. आपला वस्तरा त्येच्या गालाला लागला आन् त्योच मानसांच्या गालाला लागला, तर कोन बसू दील? जात वाळीत टाकंल. बनूचं लगीन साताऱ्याला ठरलंय, ती मानसं एका दिसात मोडतील.”

बनू म्हणजे दादाची मुलगी, आमच्या घरातली एकुलती एक पोर. मी फौजेतून आलो तेव्हा गावच्या वेशीपर्यंत पळत आली होती.

दादा रागावला असता तर मी भांडलो असतो. तो रागावला नाही. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “पोरीचं बग रं.”

२९ मार्च

काही सुचत नाही. ड्रायव्हर रोज विचारतो, कुंडलला काय निरोप सांगू? मी रोज म्हणतो, दिवस ठरला की सांगतो. भटजींनी दिवस केव्हाच सांगितला आहे.

१ एप्रिल

मसाव्याला माझा हात पोवळ्यावर खरचटला आणि पिकला होता. कोंडीबा म्हणाला, आपल्या न्हाव्याला दाखव की. गंमत म्हणून मी हात कपारीपाशी धरला आणि अजिबात हलवला नाही. न्हाव्यानं आधी मिशांनी चाचपलं. मग टुणकन हातावर आला आणि जखमेच्या कडेचं मेलेलं कातडं बारीक चिमट्यांनी काढायला लागला. इतक्या गुदगुल्या झाल्या की डबा हातातून निसटायला आला. कोंडीबानं आपला हात माझ्या हाताशेजारी धरला. न्हावी माझ्यावरून त्याच्यावर गेला, त्याची नखं कोरली आणि परत माझ्यावर आला. मधे हात धुवायला कुठं थांबला नाही.

पुढं एकदा कपारीच्या तोंडाशी तो मेलेला सापडला. पाय, मिशा, सगळं जागच्या जागी, पण पोकळ. आम्ही दोघं बाप्ये तिथं पाण्यात उभं राहून रडलो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दोन दिवसांनी पाहतो तर पठ्ठ्या कपारीत हजर, आधीपेक्षा लाल. सापासारखी कात टाकून, नवं अंग घट्ट होईपर्यंत आत दडून बसला होता. कोंडीबा पाण्यात नाचला. काठावरच्या गोऱ्या पहारेकऱ्यानं आमच्यावर बंदूक रोखली.

तो कोंडीबा आता कुंडलला आहे, आणि मी निरोप अडवून बसलो आहे.

५ एप्रिल

तोड निघाली! इतके दिवस डोकं कुठं गेलं होतं कुणास ठाऊक.

नवा विलायती वस्तरा आहे तो फक्त कोंडीबासाठी ठेवायचा. आजवर कुणाच्याच गालाला लागलेला नाही, पुढंही लागणार नाही. वाटी नवी, टॉवेल नवा. त्याला सकाळी लवकर बोलवायचं, साताऱ्याची मोटार यायच्या आधी. म्हणजे गर्दी नाही, निवांत गप्पा होतील. शब्द पाळला जाईल आणि बनूच्या लग्नालाही धक्का नाही. आणि मान किती! कर्नललासुद्धा मी कधी कोऱ्या वस्तऱ्यानं केली नव्हती.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, “मागनं ती हत्यारं येगळी ठेव.” म्हणजे होकारच.

चंद्राबाईला सांगितलं तर म्हणाली, “तेस्नी आवडंल?”

न आवडायला काय झालं? बायकांना यातलं कळत नाही. कोंडीबाला निरोप धाडला, अकरा तारखेला ये, पहाटेच ये.

११ एप्रिल

आजचं आजच लिहायला हवं.

कोंडीबा उजाडता उजाडता आला. संध्याकाळच्या गाडीनं रहिमतपूरला उतरून रात्रभर चालत आला होता. अंगात फौजी कोट, दाढी चांगली वाढलेली, माझ्यासाठी मुद्दाम राखलेली. पाटीखाली उभा राहून पोट धरून हसला. “मिशा कापल्या की रं न्हाव्याच्या!” आम्ही कडकडून भेटलो. मी दाराचं एक फळकूट लावून घेतलं, उन्हाची तिरीप येते म्हणून. ऊन अजून आलेलं नव्हतं.

खुर्चीत बसून त्यानं मान मागं टाकली. मी जीव ओतून दाढी केली. इतकी सुरेख दाढी मी आयुष्यात केली नसेल. पण बोलत मीच होतो. तो आरशातून फळीकडे पाहत होता. फळीवर माझी नेहमीची हत्यारं मांडलेली होती आणि इकडे स्टुलावर त्याची.

झाल्यावर त्यानं गालावरून हात फिरवला. “झ्याक झाली.” मग वस्तरा उचलून पाहिला. “नवा हाय.”

“खास तुज्यासाटी आनलाय.”

“आन् फुडचं गिऱ्हाईक आलं की कंचा काढनार?”

मी वाटी विसळायला घेतली.

“वाटी बी न्यारी. टावेल बी न्यारा.” आवाज चढलेला नव्हता. “लय इचार केलास रं किस्ना माजा.”

त्यानं गळ्याचा टॉवेल काढला, नीट घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवला. “ह्यो मी नेतो. ठेवायचा कुटं म्हून तुला पंचाईत नगो.”

तो दाराकडे वळला. मसाव्यात मरणाऱ्या माणसांना उचलताना त्याचा चेहरा जसा असायचा, तसा झाला होता. मला एकदम लाज वाटली. बाहेर मोटारीचा भोंगा वाजला, साताऱ्याची मोटार आली होती. उतारू उतरत होते, आणि पहिल्याच दिवशी यायचं कबूल केलेले आप्पासो सुभेदार काठी टेकत माझ्याच दाराकडे येत होते.

मी लावलेलं फळकूट उघडलं. मग मागं येऊन स्वतःच खुर्चीत बसलो.

“कोंडीबा, माजी दाढी वाढलीया.”

“मग?”

“कर की.”

“मला कुटं येतं?”

“तीन वरसं बगत हुतास न्हवं? त्योच वस्तरा घे. तीच वाटी.”

तो तसाच उभा राहिला. तोवर दाराशी माणसं जमली. मग त्यानं खिशातून टॉवेल काढून माझ्या गळ्यात बांधला. फेस केला, नको तितका केला, नाकातसुद्धा गेला. मी मान मागं टाकली आणि डोळे मिटले. त्याचं पातं गळ्याशी आलं तेव्हा मी खुर्चीचे हात घट्ट धरले. भीती वस्तऱ्याची नव्हती. बनूची आठवण येत होती.

“किस्ना, काय ह्ये?” आप्पासोंचा आवाज.

डोळे न उघडताच म्हणालो, “दाढी, आप्पासाब. तुमचा नंबर ह्येच्या मागनं. वस्तरा ह्योच.”

काठी जागीच एकदा आपटली. मग टकटक करत लांब गेली. तिच्यामागून बाकीचे पायही गेले. कुणीतरी शिवी हासडली, कुणीतरी हसलं.

कोंडीबानं मला तीन ठिकाणी कापलं आणि एक कल्ला दुसऱ्यापेक्षा वर नेला. असली भिकार दाढी माझी जन्मात झाली नव्हती. आरशात पाहिलं आणि मला हसू फुटलं. तो आधी नाही हसला. मग हसला, आणि हसता हसता टॉवेलानं डोळे पुसायला लागला.

१४ एप्रिल

दादा आला होता. दुकानात पाऊल टाकलं नाही, बाहेरच उभ्या उभ्या सांगितलं. साताऱ्याची मंडळी लग्नाला ‘थांबा’ म्हणाली. जातीची बैठक आहे, मी जायचं नाही, तो एकटा जाणार. माझा भाऊ मला सोडवायला जाणार की स्वतःला, हे मी विचारलं नाही. त्याला विचारायचा हक्क मला उरलेला नाही.

बनू आज आडाला भेटली. घागर कडेवर घेऊन बाजूनं निघून गेली. थोडं पुढं गेल्यावर मागं वळून पाहिलं. तिच्या मनात काय होतं ते कळलं नाही.

मी बरोबर केलं का? त्या खुर्चीत बसलो तेव्हा पक्कं माहीत होतं. आता अर्धवट माहीत आहे.

२१ एप्रिल

गिऱ्हाईक नाही. परगावचे उतारू कधी डोकावतात, तेवढ्यात शेजारचा चहावाला त्यांच्या कानाला लागतो आणि ते मोटारीत जाऊन बसतात. खुर्ची रोज पुसतो, आरसा रोज पुसतो.

आमच्यात आपली दाढी आपण करत नाहीत, भावानं भावाची करायची. मिसरूड फुटल्यापासून घरी माझी दादानंच केली. आता तो करणार नाही. हनुवटीवरच्या खपल्या पडून तिथं पुन्हा केस आले.

आज जेवताना चंद्राबाई म्हणाली, “तोंडावर रान माजलंय तुमच्या. न्हाव्याच्या घरात ह्ये शोबतं का?”

“उद्या कुंडलला जाऊन येतो.”

“तकडं काय हाय?”

“दाढी करून घ्यायला.”

ती हसली नाही, रागावलीही नाही. ताट उचलून आत गेली. मला वाटलं, झालं, आता हीसुद्धा बोलायची बंद. भांडी घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग पदराला हात पुसत बाहेर आली आणि माझ्यासमोर तुरटीचा खडा ठेवला.

“ह्यो न्या संगं,” म्हणाली. “गेल्या खेपंला लय कापलं हुतं त्यांनी.”